प्रत्येक सूचना दोनदा

४ एप्रिल

प्रिय धाकट्या वन्सं,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. हे पत्र कुणाच्या तब्येतीबद्दल नाही, माझ्या शिक्षणाबद्दल आहे. मी प्रोग्रॅमिंग शिकते आहे.

हसून घे. मी थांबते.

झालं? तर ऐक. आपल्या पोहण्याच्या तलावाच्या केबिनमध्ये एक जुना कंप्युटर धूळ खात पडला होता. तो कर्ण्याला जोडला की आपण लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज एका बाईचा आहे आणि बाई इतकी सभ्य आहे की ‘ताबडतोब बाहेर या’ असं म्हणाली तरी ‘या, बसा’ म्हटल्यासारखं वाटतं. माझ्या मनात आलं की तलावावरच्या सगळ्या सूचना हिच्याकडूनच वदवून घ्याव्यात. तुझा दादा इतकी वर्षं काठावर उभा राहून घसा ताणतो आहे, त्यालाही जरा आराम. मी तिकीट खिडकीत बसते आणि दुपारच्या वेळी माझ्याकडे माशीसुद्धा तिकीट मागत नाही. वेळच वेळ.

प्रोग्रॅम सोबत जोडला आहे. त्यात विशेष काही नाही. आधी घंटा वाजते, मग दोन सेकंद शांतता, मग बाई बोलते, पुन्हा दोन सेकंद शांतता, मग बाई तेच पुन्हा बोलते. ‘खोल पाण्यात जाऊ नका.’ चाललं झक्कपैकी! म्हणून तेवढ्या ओळी उचलून खाली चिकटवल्या आणि वाक्य बदललं. ‘काठावर पळू नका.’ पुन्हा चिकटवल्या. ‘डोक्यावर टोपी घाला.’ असं करत करत अकरा पानं झाली. मला वाटलं, मी पुस्तकच लिहिलं.

घोळ परवा झाला. लोक म्हणाले, बाईचा आवाज मोठा आहे, कमी करा. मी एकेक जागा शोधून आवाज कमी करत गेले. डोळ्यांतून पाणी आलं. पण एक जागा राहिलीच. संध्याकाळी ‘तलाव बंद होत आहे’ ही सूचना अशी काही कडाडली की उताणे तरंगत डुलकी काढणारे एक गृहस्थ थेट तळाला जाऊन आले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

बोलत नाहीत यावरून आठवलं. तुमचा अबोला अजून चालूच आहे ना? बहीणभाऊ तुम्ही, आणि ओढाताण माझी. मी कुणाचीच बाजू घेणार नाही. तू फक्त प्रोग्रॅम बघ. तू नवशिक्यांना शिकवतेस, त्यांचे प्रोग्रॅम कागदावर छापून पेन्सिलीने तपासतेस, असं तूच मागे म्हणाली होतीस. म्हणून टपालाने पाठवते आहे. शिवाय फोन करायचा तर तो दिवाणखान्यात, आणि दिवाणखान्यात तुझा दादा.

तुझी विद्यार्थिनी,
वहिनी


११ एप्रिल

गुणी वहिनी,

अकरा पानं वाचली. म्हणजे खरं तर एकच पान अकरा वेळा वाचलं. माझ्या वर्गात यापेक्षा भयंकर प्रोग्रॅम येतात, पण इतक्या चिकाटीने केलेला भयंकरपणा मी प्रथमच पाहिला. शाबास!

तुला हवं आहे ते फंक्शन. नावाला घाबरू नकोस. तू रोज खिडकीतून फंक्शन बघतेस. नवीन पोरं येतात तेव्हा काठाला धरून पाय मारायला कशी शिकवतात? गुडघा वाकवायचा नाही, पाय कमरेपासून हलवायचा, अंगठे मागे ताणायचे, पाणी उडवायचं नाही तर ढकलायचं. हे सगळं एकदाच, पहिल्या दिवशी. नंतर कुणी हे पुराण पुन्हा सांगतं का? नाही. काठावरून नुसतं ओरडायचं, ‘पाय!’ आणि सगळी रांग पाय मारायला लागते. ‘पाय’ हे फंक्शन झालं. आत काय करायचं ते एकदा सांगून ठेवलेलं, नंतर नुसती नावाने हाक.

आता ‘पाय, दहा!’ म्हटलं की दहा वेळा, ‘पाय, वीस!’ म्हटलं की वीस वेळा. पुराण तेच, फक्त आकडा वेगळा. तशी फंक्शनला कंस करून एक जागा ठेवायची. दर वेळी बदलणारी गोष्ट त्या जागेत टाकायची. तुझ्या बाबतीत बदलतं काय? फक्त वाक्य. घंटा तीच, शांतता तीच, बाई तीच. मग फंक्शनचं नाव ठेव ‘सांग’. घंटा, शांतता आणि बोलणं त्याच्या पोटात घाल, आणि खाली नुसतं लिही:

सांग("खोल पाण्यात जाऊ नका")
सांग("काठावर पळू नका")

अकरा पानांचं एक पान होईल. आवाज कमी करायचा तर एकाच जागी कमी करायचा, आणि तरंगणारे गृहस्थ सुखाने झोपतील. सोबतच्या कागदावर पेन्सिलीने सगळं मांडून दिलं आहे. तुझी बाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलते, तेही मी एकदाच केलं आहे. एकदा सांगितलं की पुरे. ही दोनदा बोलायची खोड कुणाची ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता विषय निघालाच आहे तर सांगते. अबोला माझ्याकडून नाही. मागच्या खेपेला मी माझ्या वर्गातल्या मुलींना घेऊन हौसेने तलावावर आले, आणि हा माणूस कर्ण्यावरून अख्ख्या गावाला सांगतो, ‘माझ्या धाकट्या बहिणीने चष्म्यासकट उडी मारली आहे, चष्मा सापडल्यास केबिनमध्ये आणून द्यावा.’ एकदा नाही, दोनदा! मुली अजून मला बघून आपापले चष्मे घट्ट धरतात. मग मी बोलले, ‘आयुष्यात एकदा तरी गप्प बस.’ बोलायचं नव्हतं का? तूच सांग.

तेव्हापासून तो खरंच गप्प बसला आहे. फोन केला तर उचलतो, श्वास ऐकू येतो, पण तोंडातून एक शब्द नाही. मी हॅलो हॅलो करते, मग चिडते, मग ठेवून देते. मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतो. अंगठा! सख्ख्या बहिणीला! मला त्याची आठवण येते, हे त्याला अजिबात सांगू नकोस.

तुझी मास्तरीण


१९ एप्रिल

मास्तरीणबाई,

तुमच्या कागदाप्रमाणे सगळं लिहून काढलं. घंटा, शांतता, बाई, सगळं ‘सांग’च्या पोटात. स्वल्पविरामसुद्धा जागचा हलवला नाही. मग प्रोग्रॅम चालू केला आणि काय झालं असेल?

काही झालं नाही. घंटा नाही, बाई नाही, चूकसुद्धा नाही. निदान चूक दाखवली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही दोघं त्या कर्ण्याकडे बघत बसलो. मला तर वाटलं, बाईसुद्धा रुसली. या घराला रुसव्याचा संसर्ग झालेला दिसतो.

आता अकरा पानंही गेली आणि हातात धुपाटणंही नाही, कारण जुना प्रोग्रॅम मी मोठ्या आत्मविश्वासाने पुसून टाकला आहे. लवकर कळव. तोवर माझा माणूस शिट्टीवर दिवस काढतो आहे.

चष्म्याच्या प्रकरणात मी कुणाचीच बाजू घेणार नाही असं म्हटलं होतं. पण सूचना ऐकून मीही हसले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

हताश वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

घाईत चार ओळी. वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत आणि मागच्या बाकावरची एक मुलगी कंप्युटरलाच मारते आहे.

तू फंक्शन लिहिलंस, पण त्याला हाक मारलीस का? खालच्या ओळी कुठे गेल्या? कागदाची मागची बाजू बघ. पोरांना ‘पाय’ म्हणजे काय ते शिकवलंस आणि काठावर हात बांधून उभी राहिलीस, तर पोरं पाय मारणार नाहीत. ती बिचारी वाट बघत बसतात. सांगून ठेवणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. ही चूक माझ्या वर्गात प्रत्येक जण करतो, तेव्हा लाजू नकोस.

अजून एक. हाक मारताना आधी कुणाला ते सांगायचं असेल तर कंसात आणखी एक जागा कर. ‘पालकांनो’, ‘लहान मुलांनो’, असं. दोन जागा, मध्ये स्वल्पविराम. आधी कुणाला, मग काय.

‘आम्ही दोघं’ बघत बसलो म्हणजे? त्यालाही यात रस आहे वाटतं?

तुझी


२ मे

लाडक्या वन्सं,

बोलली! मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. पाहिली, ओळी लिहिल्या, आणि बाई एकदम बोलली. मला इतका आनंद झाला की एका माणसाला मी तिकिटाचे पैसे न घेताच आत सोडलं, मग मागून धावत गेले. अकरा पानांचं खरोखरच एक पान झालं. आता आवाज एकाच जागी कमी होतो, घंटा एकाच जागी बदलते. हे फंक्शन ज्याने कुणी शोधलं त्याला माझ्याकडून तलाव फुकट.

पण तू केलेली एक दुरुस्ती मात्र आमच्या अंगाशी आली. एकदा सांगितलं की पुरे, म्हणालीस. अगं, तलावात नाही पुरत! पोरांची डोकी पाण्यात असतात. पहिल्यांदा घंटा आणि आवाज कानावर पडला की ती डोकी वर काढतात, इकडेतिकडे बघतात, कानातलं पाणी काढतात. तोवर वाक्य संपलेलं असतं. ऐकतात ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बोलायचं ते डोकं वर काढायला, दुसऱ्यांदा बोलायचं ते कळायला. तुझी एकदाच बोलणारी बाई तीन दिवस बोलली आणि कुणाला काही कळलं नाही. ‘खोल पाण्यात जाऊ नका’ म्हणाली की पोरं डोकी वर काढून विचारायची, ‘कुठे जाऊ?’

इतकी वर्षं संसार करून मलाही वाटत होतं की ही याची नुसती खोड आहे. त्याने काल मला कारण सांगितलं. म्हणजे, लिहून सांगितलं. म्हणजे, पाटीवर. ते जाऊ दे.

तेव्हा दोनदा बोलणं परत कसं आणायचं ते कळव. शिवाय हेही बघ, की काही वाक्यं एकदाच पुरतात. पाऊण तास झाला, बाहेर या, हे तिसऱ्यांदा सांगितलं तरी कुणी ऐकत नाही. नवा प्रोग्रॅम सोबत आहे. छापायला घाईघाईत टाकला, तेव्हा पानं मागेपुढे झाली असतील तर सांभाळून घे. महिनाअखेरीस तलाव रिकामा करून घासायचा आहे, त्याआधी हे नीट व्हायला हवं.

तुझी वहिनी


९ मे

वहिनी,

आधी शिकवणी उरकते, मग मला तुझ्याशी भांडायचं आहे.

दोनदा बोलण्याबद्दल मी चुकले. पुन्हा पुन्हा येतं ते सगळंच अनावश्यक नसतं, हे मी पोरींना फळ्यावर लिहून देते आणि इथे स्वतःच विसरले. पण त्यासाठी पुन्हा चिकटवाचिकटवी नको. तिसरी जागा कर: किती वेळा. आणि तिथे आधीच दोन लिहून ठेव. म्हणजे तू काही नाही सांगितलंस तर बाई आपणहून दोनदा बोलेल, आणि एकदाच हवं असेल तेव्हा तेवढं सांगायचं. कागदावर करून दिलं आहे. हाक आता अशी दिसेल:

सांग("मुलांनो", "खोल पाण्यात जाऊ नका")
सांग("पोहणाऱ्यांनो", "पाऊण तास झाला", 1)

आता भांडण. तू पाठवलेल्या पानांत एक पान तलावाचं नाही. मागेपुढे होऊन आलेलं दिसतं. त्यावर हे आहे:

सांग("डॉक्टर", "गिळताना दुखतं, पण कालच्यापेक्षा कमी")
सांग("डॉक्टर", "बोलायला कधी सुरुवात करू")
सांग("घरात", "चहा गार झाला")
सांग("शेजारी", "टीव्हीचा आवाज कमी करा")
सांग("धाकटी", "")

वहिनी, तुझ्या घशाला काय झालं आहे? आणि कधीपासून? पहिल्याच पत्रात म्हणालीस, कुणाच्या तब्येतीचं नाही. म्हणूनच फोन करत नाहीस ना तू? दिवाणखान्यात दादा असतो म्हणे! दादा काय खाऊन टाकणार होता? मी इथे मूर्खासारखी स्वल्पविराम शिकवत बसले आणि तू तिथे घसा धरून बसली आहेस. कंप्युटरवर बाईला बोलायला लावायचं खूळ कुठून आलं, ते आता कळलं.

शेवटची ओळ मी चालवून पाहिली. घंटा वाजते, बाई ‘धाकटी’ म्हणते, आणि गप्प बसते. काय ते लिहायचं राहिलं आहे. मग पुन्हा घंटा, ‘धाकटी’, आणि पुन्हा गप्प. मला रडायला आलं. तुला मला काय सांगायचं होतं आणि ती जागा रिकामी का सोडलीस? उलट टपाली कळव, नाहीतर मी निघालेच.

तुझी घाबरलेली नणंद


१४ मे

अगं वेडे,

माझ्या घशाला काही झालेलं नाही. मी पाच मिनिटं गप्प बसले असते तर तलावावरच्या लोकांनी मिठाई वाटली असती. खाली बस, पाणी पी, आणि नीट वाच. मी वचन मोडते आहे. ज्याला वचन दिलं तो समोर बसून हे बघतो आहे, आणि त्याने आत्ताच मान डोलावली.

घसा दादाचा आहे. तू येऊन गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा आवाज बसला. नेहमीचंच, म्हणून आधी गुळण्या केल्या. मग आवाज पुरताच गेला. डॉक्टर म्हणाले, ओरडून ओरडून आत गाठ धरली आहे, ती काढावी लागेल. काढली. वाईट काही निघालं नाही, ते आधी सांगते. पण पूर्ण मौन. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, आणि कुजबुजायचं तर अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, कुजबुजण्याने उलट जास्त ताण पडतो. आवाज परत येईल का आणि कसला येईल, ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून तो प्रोग्रॅम. बोटं त्याची, पत्रं माझी. ती अकरा पानं त्यानेच चिकटवली होती. चिकाटी ओळखायला हवी होतीस तू!

तुला का नाही कळवलं? कारण तू म्हणाली होतीस, ‘आयुष्यात एकदा तरी गप्प बस.’ त्याने पाटीवर लिहिलं, ‘तिला कळलं तर ती जन्मभर मनाला लावून घेईल. आवाज आला की मीच सांगेन.’ मी म्हटलं, मग मेसेज तरी कर नीट. तर पाटीवर उत्तर, ‘चष्म्याबद्दल माफी मागायची आहे. ती काय मेसेजवर मागतात?’ आणि अंगठा! मी त्याच्याशी दोन दिवस भांडले, पण मौनात असलेल्या माणसाशी भांडून काही मजा येत नाही.

तुझा फोन आला की तो मला उचलू देत नाही, स्वतः उचलतो. तुझं हॅलो ऐकतो, चिडणं ऐकतो. तू ठेवून दिलास तरी थोडा वेळ तसाच कानाशी धरून बसतो. मला हे बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटते.

ते पान घरातल्या बोलण्याचं होतं. तुझ्यासाठीची ओळ त्याने पहिल्याच दिवशी लिहिली. मग त्यात काय घालायचं ते सुचेना. लिहायचा, पुसायचा. शेवटी रिकामीच ठेवली. ‘पाय!’चं तू लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं तेव्हा मात्र तो उठून केबिनच्या बाहेर जाऊन उभा राहिला. तुला पाय मारायला त्यानेच शिकवलं होतं म्हणे, आणि तू गुडघा वाकवायचीस.

आता तू जे काय लिहायचं ते त्यालाच लिही. मी थकले. टपाल खात्याने आता मला पगार द्यावा.

तुझी वहिनी


१८ मे

दादा,

वहिनीला नाही, हे तुलाच लिहिते आहे.

सगळ्यांत आधी, तू महामूर्ख आहेस. दोनदा सांगायची तुझी पद्धत आहे म्हणून पुन्हा सांगते. तू महामूर्ख आहेस. तुझा आवाज माझ्या बोलण्याने गेला असं मला वाटेल, म्हणून गप्प बसलास? गेली वीस वर्षं तू शंभर पोरांवर ओरडतोस. माझ्या एका वाक्यात एवढी ताकद असती तर माझा वर्ग पहिल्याच दिवशी शांत झाला असता.

तरीही मला फार वाईट वाटलं. फोनवर तुझा श्वास ऐकून मी काय काय बोलले ते आठवून रात्रभर कूस बदलत राहिले. यापुढे मी आठवड्यातून दोनदा फोन करीन. तू नुसता ऐक. एकदा टिचकी मारलीस तर ‘हो’, दोनदा मारलीस तर ‘नाही’. वहिनीच्या तक्रारी मी तुला सांगत जाईन आणि तू मध्ये बोलू शकणार नाहीस. मी याची कित्येक वर्षं वाट बघते आहे.

प्रोग्रॅमचं म्हणशील तर तुझी हाक बरोबर आहे. नाव बरोबर, कंस बरोबर, कुणाला तेही बरोबर. रिकामी जागा ही चूक नाही, फंक्शनला ती चालते. पण तिथे मी काही लिहून देणार नाही. बाकी सगळी पेन्सिल मी चालवली, तेवढी जागा तुझी तू भर. घाई नाही. बाईकडून सांगितलंस तरी चालेल, पाटीवर लिहून पाठवलंस तरी चालेल. तुझा आवाज परत आला नाही तरी तू माझा दादाच आहेस. हे मी एकदाच लिहिते, कारण पुन्हा लिहिलं तर कागद ओला होईल.

आणि गुडघा मी एकदाच वाकवला होता.

धाकटी


७ जून

वहिनी,

आज काय झालं ते तुला ठाऊकच असेल, कारण तू शेजारीच उभी असणार. तरी माझ्या बाजूने काय झालं ते ऐक.

मी वर्गात होते. फळ्यावर पोरींना फंक्शन शिकवत होते, आणि हल्ली मी ‘पाय, दहा!’चंच उदाहरण देते. तुझ्या घरच्या नंबरावरून फोन आला. मला वाटलं, टिचक्या वाजवायच्या असतील. वर्गात फोन घेत नाही मी कधी, पण तो नंबर दिसला की घेते. हॅलो म्हटलं. पलीकडे नेहमीसारखा श्वास. मी म्हटलं, ‘बोल, हो की नाही?’ टिचकी नाही. घंटा नाही. तुमची ती सभ्य बाईसुद्धा नाही.

मग कुणीतरी बोललं. आधी ओळखताच आलं नाही. बसका, खालचा, खडबडीत आवाज, जपून पाऊल टाकावं तसा एकेक शब्द. पूर्वीचा तो कर्णा कुठे, आणि हा कुठे! पण ‘धाकटे’ म्हणताना शेवटचं अक्षर लांबवायची पद्धत जगात एकाच माणसाची आहे.

‘धाकटे,’ तो म्हणाला, ‘चष्मा सापडला.’

तलाव रिकामा करून घासताना जाळीत अडकलेला मिळाला, हे तू नंतर फोन घेऊन सांगितलंस. काचेवर शेवाळ आहे, एक काडी वाकली आहे. डॉक्टरांनी आजपासून दिवसाला मोजके शब्द बोलायची परवानगी दिली आहे, तेही सांगितलंस. पहिले शब्द तुला न देता मला दिले म्हणून रागावल्याचं नाटकही केलंस, आणि ते अजिबात जमलं नाही.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि तू त्याला सांगू नकोस. त्याचं वाक्य मला पहिल्याच खेपेला स्पष्ट ऐकू आलं होतं. एकेक अक्षर कळलं होतं. समोर अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. डॉक्टरांनी शब्द मोजून दिले असतील, एवढं मलाही समजत होतं. तरी मी फोन घट्ट धरला आणि म्हटलं, ‘काय रे दादा? ऐकू नाही आलं.’

आणि त्याने पुन्हा सांगितलं.

तुझी
धाकटी